घामेजलेले हात आणि जपानी तलवारी

मी त्वचारोगतज्ज्ञ, आणि माझा धाकटा भाऊ टूल रूमवाला, म्हणजे कारखान्याची हत्यारं घडवणारा. भोसरीच्या एका कारखान्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. त्याच्या तळहातांना विलक्षण घाम येतो. ग्राइंडिंग करून चकचकीत केलेल्या पोलादाला त्याने उघड्या हाताने स्पर्श केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बोटांचे तांबूस ठसे उमटलेले असतात. स्लिप गेजला, म्हणजे मापं तपासायच्या अचूक पोलादी ठोकळ्यांना, हात लावायची त्याला कायमची बंदी होती. वर्निअर, मायक्रोमीटर सगळं सुती हातमोजे घालून. इंग्रजी औद्योगिक साहित्यात अशा माणसांना ‘रस्टर’ म्हणतात. त्यांच्या तळहाताच्या घामातून एरवीपेक्षा जास्त मीठ पोलादावर उतरतं आणि त्यातलं क्लोराइड पोलादाला खातं. हा आजार नव्हे, पण लोखंडात काम करणाऱ्याला यापेक्षा गैरसोयीची त्वचा मिळू शकत नाही.

आणि याच माणसाला लहानपणापासून पात्यांचं वेड. सेवानिवृत्त झाल्यावर त्याने एकच मागणी केली, “ताई, जपानी तलवारी जिथे बनतात तिथे मला घेऊन चल.” मी लगेच हो म्हटलं. तलवारीला पॉलिश करणारे कारागीर शेवटचे कितीतरी दिवस फक्त अंगठ्याच्या कातडीने काम करतात, असं मी वाचलं होतं. तो अंगठा मला बघायचा होता.

टोकियोत निशिकासाईला राहणाऱ्या आमच्या भाचीने सुट्टी काढली आणि दुभाषी म्हणून बरोबर आली. तिच्यामुळे ही सहल झाली.

शुक्रवार: कानसाई विमानतळ, ओकायामा

जपानमध्ये उतरल्यावर परदेशी माणसाचे दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो घेतात. 2007 पासूनचा नियम आहे. भावाची बोटं इतकी ओली की यंत्र ठसा घेईना. काउंटरवरच्या मुलीने न कुरकुरता कोरडा कागद दिला, त्याने बोटं पुसली, पुन्हा ठेवली, पुन्हा ओली. शेवटी तिने स्वतः काच पुसली, त्याचं बोट हलकेच दाबून धरलं आणि ठसा उमटला. ज्यांना हा त्रास आहे किंवा ज्यांच्या बोटांच्या रेघा वयामुळे, कामामुळे झिजल्या आहेत (आधारच्या वेळी अडलेल्यांना हे सांगायला नको), त्यांनी रांगेत उभं असतानाच रुमालाने बोटं कोरडी ठेवावीत. हात फारच कोरडे असतील तर उलट किंचित मॉइश्चरायझर लावावं.

रांगेत उभ्या उभ्या मी भाचीला एका स्विस कुटुंबाबद्दल सांगत होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या बोटांवर जन्मतःच रेघा नाहीत. बोटं नितळ, आणि तळहातावर घामाच्या ग्रंथीही कमी. 2011 मध्ये त्यामागचा जनुकीय बदल सापडला. त्या कुटुंबातल्या बाईला अमेरिकेत शिरताना ठसेच देता आले नाहीत, म्हणून डॉक्टरांनी या प्रकाराला ‘इमिग्रेशन डिले डिसीज’ असं टोपणनाव दिलं. भाऊ पटकन म्हणाला, “अशी बोटं मला दिली असती तर आयुष्यभर स्लिप गेज हाताळले असते.” हे तो मनापासून बोलला होता.

विमानतळावरून हारुका गाडीने शिन-ओसाका आणि तिथून शिनकानसेनने ओकायामा. ओसाका ते शिमाने (ओकुइझुमो या प्रांतात येतं) असं फिरायचं असेल तर जेआर वेस्टचा सान्यो-सानइन भागाचा पास बघा. आमचा बराचसा प्रवास त्यात बसला.

शनिवार: ओकायामा

कोराकुएन बाग बघितली, किबिदांगो खाल्ले, पाय मोकळे केले. पाऊस लागला होता आणि नोव्हेंबरची थंडी पुण्यातल्या डिसेंबरपेक्षा बोचरी होती. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की जपानी रस्सा, सॉस, अगदी भाजीचं पाणीसुद्धा बहुतेक वेळा दाशीवर, म्हणजे माशाच्या अर्कावर असतं. “मासे नकोत” एवढं सांगून भागत नाही, दाशीबद्दल वेगळं विचारावं लागतं. आम्ही मालवणचे, आम्हाला काही अडचण नव्हती.

रविवार: ओसाफुने

सहलीचा सगळा आराखडा या दिवसाभोवती बेतला होता. बिझेन ओसाफुने तलवार संग्रहालयात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या पद्धतीने पोलाद ठोकण्याचं प्रात्यक्षिक असतं. ओकायामाहून आको लाइनची गाडी ओसाफुने स्टेशनला जाते. पुढे टॅक्सी. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

योशिई नदीच्या काठचं हे गाव साधारण आठशे वर्षांपूर्वीच्या कामाकुरा काळापासून तलवारींसाठी प्रसिद्ध. मित्सुतादा, नागामित्सु, कागेमित्सु ही इथल्या लोहारांची नावं. नदीतून माल नेणं सोपं, डोंगरातून कोळसा आणि लोखंड येणं सोपं, म्हणून धंदा इथे फोफावला. सोळाव्या शतकाच्या शेवटी त्याच नदीला पूर आला आणि ओसाफुने वाहून गेलं. शेजारच्या फुकुओका गावाचीही कथा अशीच मोठी. क्युशू बेटावरच्या आजच्या महानगराला फुकुओका हे नाव कुरोदा घराण्याने आपल्या या मूळ गावावरून दिलं. मूळ फुकुओका आज एक शांत वस्ती आहे.

या फुकुओकाच्या इचिमोंजी घराण्याची ‘सांचोमो’ ही तलवार राष्ट्रीय ठेवा मानली जाते. ती एके काळी सोळाव्या शतकातल्या उएसुगी केनशिन या सरदाराकडे होती. इथल्या सेतोउची नगरपालिकेने ती 2020 मध्ये 50 कोटी येनला विकत घेतली, त्यासाठी लोकांकडून देणग्या गोळा केल्या. गावाची वस्ती चाळीस हजारांहून कमी! आम्ही गेलो तेव्हा ती प्रदर्शनात नव्हती. वर्षातून ठरावीक आठवडेच ती बाहेर काढतात, तेव्हा तिच्यासाठीच जाणार असाल तर तारखा आधी पाहा.

प्रात्यक्षिकाची जागा अंधारी असते. तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी ओळखायचा तर उजेड नको. पांढऱ्या कपड्यातला लोहार भट्टीपुढे बसला होता. पाइनच्या लाकडाचा कोळसा सारख्या आकाराचे तुकडे करून टोपलीत भरलेला. नुसता कोळसा कापायला शिकण्यात तीन वर्षं जातात असं इथे म्हणतात. पोलादाचा ठोकळा राखेत घोळवून, मातीच्या पाण्याने भिजवून भट्टीत गेला. भाता हलू लागला, कोळशातून निळसर ज्वाळा वर आल्या. ठोकळा बाहेर आला तेव्हा पिवळा होता. समोर मोठे घण घेतलेले दोन शिकाऊ. लोहाराने ऐरणीवर पाणी शिंपडलं, ठोकळा ठेवला आणि घण पडताच बंदुकीसारखा आवाज झाला. पहिल्या रांगेतली मुलं किंचाळली, मीही दचकले. पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिच्या धक्क्याने पोलादावरची काळी खपली उडून जाते. ठिणग्या आमच्या पायांपर्यंत आल्या. पुढे बसायचं असेल तर सुती कपडे घाला. सिंथेटिक जॅकेटला भोकं पडतील.

पोलाद आडवं छिनायचं, दुमडायचं, पुन्हा ठोकायचं. असं दहा-पंधरा वेळा केलं की आत हजारो थर होतात. मग बाहेरचं कडक पोलाद आतल्या मऊ लोखंडावर गुंडाळतात. तलवार बाहेरून धारदार आणि आतून लवचिक राहते ती यामुळे.

नंतर लोहार लोकांशी बोलायला बाहेर आला. माझी नजर आपोआप त्याच्या हातांवर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे व्रण. आतल्या बाजूला तपकिरी जाळी. ही जाळी मी गावाकडच्या बायकांच्या नडग्यांवर कितीदा पाहिली आहे, वर्षानुवर्षं चुलीपुढे बसून पडलेली. सतत सोसलेल्या आचेची ती खूण असते. मी भाचीकरवी त्याला सांगितलं की जाळीतला एखादा डाग खरखरीत झाला किंवा तिथे जखम होऊन भरेना, तर डॉक्टरला दाखवा, क्वचित त्यातून कर्करोग उद्भवतो. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि हात जोडून वाकला.

संग्रहालयाच्या आवारातच वेगवेगळ्या कारागिरांच्या खोल्या आहेत. म्यानवाला, मुठीवर दोरी गुंफणारा, पात्याच्या बुडाशी तांब्याचं कडं बसवणारा. आणि तोगिशी, म्हणजे पॉलिश करणारा. इथे मी दुपारभर होते.

पहिल्या टप्प्यांत तो पाण्यात भिजवलेल्या दगडांवर पातं घासतो. बुटक्या पाटावर अर्धवट उकिडवं बसून, उजव्या पायाने एक वाकडी लाकडी पट्टी दाबून दगड घट्ट धरलेला. खरखरीत दगडापासून सुरुवात, मग एकाहून एक मऊ. बादलीतल्या पाण्यात सोडा घातलेला, म्हणजे पातं गंजत नाही. भाऊ एकदम उजळला. “आमच्या कूलंटचंही हेच! अल्कलाइन ठेवायचं म्हणजे जॉब तांबारत नाही.” भाचीने भाषांतर केलं, तोगिशी हसला, आणि दोघांची जोडी जमली.

दगडांची पाळी संपली की अंगठ्याची येते. क्योतोजवळच्या डोंगरातून निघणाऱ्या मऊ दगडाची चकती कागदाइतकी पातळ करतात, मागे लाखेच्या रोगणाने जपानी कागद चिकटवतात आणि तिचे नखाएवढे तुकडे पाडतात. असा एक तुकडा अंगठ्याखाली घेऊन तोगिशी पात्यावर पुढे-मागे, पुढे-मागे घासत राहतो. अंगठ्याच्या टोकाएवढी जागा झाली की पुढे सरकायचं. पूर्ण पात्याला कितीतरी दिवस. याच घासण्याने पोलादाचे थर दिसू लागतात, धारेलगतची धुक्यासारखी पांढरी रेघ उमलते. तोपर्यंत ते सगळं पोलादात असूनही अदृश्य असतं.

मी विचारलं, दगडात एखादा जाड कण राहिला तर कसं कळतं?

तो म्हणाला, अंगठ्याला कळतं. डोळ्यांना दिसेपर्यंत ओरखडा पडून गेलेला असतो.

हे त्याने अगदी साधेपणाने सांगितलं, आणि मला माहीत होतं की ते शब्दशः खरं आहे. 2013 मध्ये स्वीडनमध्ये झालेल्या एका प्रयोगात माणसाचं बोट पृष्ठभागावरून फिरताना सुमारे 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या आणि पूर्ण नितळ पृष्ठभाग यांतला फरक ओळखू शकलं. केसाची जाडी याच्या हजारो पट असते. बोट स्थिर ठेवलं तर हे जमत नाही. ते फिरलं की रेघा पृष्ठभागावर अडखळतात, कंप पावतात, आणि कातडीतले संवेदक तो कंप टिपतात. आमच्या पुस्तकांत त्या संवेदकांची नावं आणि आकृत्या असतात. इथे समोर एक माणूस आयुष्यभर त्यांच्यावर पोट भरत होता.

मी त्याचा अंगठा बघायला मागितला. त्याने हात पुसून पुढे केला. मला जाड घट्टा अपेक्षित होता. घट्टा नव्हता. मांसल भाग गुळगुळीत, रेघा जवळजवळ पुसलेल्या, कातडी पातळ आणि किंचित तकाकी असलेली. घट्टा धरू देत नाही, म्हणाला. जाड कातडीला काही ऐकू येत नाही. हिवाळ्यात भेगा पडतात, म्हणून रोज रात्री कॅमेलियाचं तेल. फोन त्या अंगठ्याने उघडत नाही, त्याने डाव्या हाताचं बोट नोंदवलंय. मी सांगितलं की काही आठवडे काम थांबवलंत तर रेघा परत येतील, त्यांचा साचा खाली खोलवर असतो. तो म्हणाला, इतके दिवस थांबायची वेळ अजून आलेली नाही.

हे काम स्वतंत्रपणे करता यायला दहा वर्षं शिकावं लागतं, असं मानतात. माझं स्पष्ट मत आहे की तलवारीचं अर्धं श्रेय या लोकांचं आहे आणि ते त्यांना मिळत नाही. पात्याच्या मुळावर नाव कोरलेलं असतं ते लोहाराचं.

भाऊ खोलीच्या दाराशीच उभा होता, हात पाठीमागे बांधून. तोगिशीने आत बोलावलं तरी गेला नाही.

सोमवार आणि मंगळवार: ओकुइझुमो

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, म्हणून तो प्रवासाला दिला. ओकायामाहून ‘याकुमो’ एक्स्प्रेस डोंगरांतून वळणं घेत शिनजीला जाते. गाडी लागणाऱ्यांनी गोळी घ्यावी. शिनजीहून किसुकी लाइनची छोटी गाडी इझुमो-योकोताला. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या आहेत. आम्ही पुढे भाड्याने मोटार घेतली. भारतातून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला होता, आणि जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

तलवारीचं पोलाद, तामाहागाने, इथून येतं. योकोता भागात जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी काम करणाऱ्या संस्थेने 1977 मध्ये पारंपरिक भट्टी (तातारा) पुन्हा सुरू केली. ती ऐन हिवाळ्यात पेटते आणि तीन दिवस तीन रात्री अखंड चालते. सुमारे 10 टन लोहवाळू आणि 12 टन कोळसा जाळून अडीच टनांच्या आसपास पोलादाचा गोळा निघतो. त्यातला तलवारीच्या प्रतीचा भाग टनभराहून कमी. देशभरच्या लोहारांना तोच वाटला जातो. ही भट्टी लोकांसाठी खुली नाही, पण गावातलं तातारा आणि तलवार संग्रहालय चांगलं आहे. भट्टीच्या खाली जमिनीत किती खोल बांधकाम असतं ते पूर्ण आकारात दाखवलंय. ओल वर चढू नये म्हणून तीन मीटरहून खोल खणून दगड, वाळू, कोळसा यांचे थर. वर दिसते त्या भट्टीपेक्षा खालचं काम मोठं. पायाने चालवायचा भाता तिथे चालवून बघता येतो. पाच मिनिटांत माझ्या पोटऱ्या भरून आल्या.

तिथून तासाभराच्या आत सुगाया आहे. 1751 ते 1921 चाललेली मूळ भट्टीशाळा, छप्परासकट उभी असलेली जपानमधली एकमेव. उंच लाकडी छताखाली काळोख, मधोमध मातीची भट्टी, बाहेर एक प्रचंड कात्सुरा वृक्ष. लोखंडाची देवी कानायागो कात्सुराच्या झाडावर उतरली अशी श्रद्धा. वसंतात तीनेक दिवस त्याची पालवी लालबुंद होते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा पानं गळून गेली होती आणि धुकं दरीतून वर सरकत होतं.

या देवीला बायका आवडत नाहीत अशी समजूत, म्हणून भट्टीत बायकांना मज्जाव होता. मी आत उभी राहून ते ऐकलं. कोळसा वाहणाऱ्या, भात लावणाऱ्या, भट्टीकामगारांची घरं चालवणाऱ्या बायकांशिवाय एकही रात्र ही भट्टी जळली नसती, आणि आत यायला मात्र बंदी. आज तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतं, ते बरं झालं.

मला सगळ्यात आवडली ती इथली शेतं. लोहवाळूसाठी शतकानुशतकं डोंगर फोडले, वाळू पाटाच्या पाण्याने धुतली, आणि उरलेल्या सपाट जागांवर भातखाचरं केली. खाचरांत मध्येच उंच टेकाडं शिल्लक आहेत, कारण तिथे देऊळ किंवा स्मशान होतं आणि ती जागा खणली नाही. या भागातला निता तांदूळ नावाजलेला आहे. मुक्कामी घरमालकिणीने तो नुसता मीठ लावून मुटकुळं करून दिला, आणि भावाने तीन खाल्ली. दुपारी इझुमोचा सोबा, तीन गोल लाकडी डब्यांच्या उतरंडीत. वरच्या डब्यातला संपला की उरलेला रस खालच्यात ओतायचा. पीठ सालासकट दळतात म्हणून रंग गडद आणि चव मातकट, छान.

बुधवार आणि गुरुवार: सेकी

बुधवार सगळा गाड्यांत गेला: ओकायामा, नागोया, गिफू.

सेकी हे सातशेहून अधिक वर्षांचं पातेवाल्यांचं गाव. कानेमोतो आणि कानेसादा इथले. आज तलवारी थोड्या आणि सुऱ्या, कात्र्या, वस्तरे अमाप. मला इथे स्वतःची अशी एक ओळख भेटली. दवाखान्यात मी कातडीचा तीन-चार मिलिमीटरचा गोल तुकडा तपासणीसाठी काढते. त्यासाठी माझ्याकडे वर्षानुवर्षं काई कंपनीचे पंच आहेत. ती कंपनी 1908 साली या गावात सुरू झाली. फेदर या पात्यांच्या कंपनीचं वस्तऱ्यांवरचं संग्रहालयही इथेच आहे. तलवारीला धार लावणाऱ्या गावाने पुढे शल्यचिकित्सेचं हत्यार घडवावं, आणि त्यातलं एक कोथरूडच्या माझ्या टेबलावर यावं, याचा मला फार आनंद झाला.

सेकी काजी देनशोकान हे इथलं तलवार संग्रहालय. ते मंगळवारी बंद असतं, ध्यानात ठेवा. कानेमोतोच्या पात्यावरची सुरूच्या शेंड्यांसारखी तीन-तीन टोकांची रेघ तिथे बघितली. भावाने काचेला नाक लावून ती इतका वेळ पाहिली की रखवालदाराने त्याला स्टूल आणून दिलं आणि खाली वाकून बघ, दिव्याचा उजेड पात्यावरून घसरला पाहिजे, असं हातवाऱ्यांनी समजावलं. कुठल्याही संग्रहालयात तलवार बघायची ती अशीच. सरळ उभं राहून काही दिसत नाही. गुडघे वाकवा, डोकं हळूहळू वर-खाली करा.

दुपारी उनागी, म्हणजे आपली वाम. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या लोहारांना ताकद यावी म्हणून इथे वाम खायची पद्धत पडली असं सांगतात, आणि गावात वामीची जुनी दुकानं आहेत. इथे ती वाफवून न घेता थेट निखाऱ्यावर भाजतात, त्यामुळे कातडी कुरकुरीत. वरून पूड भुरभुरली सान्शोची. पहिल्या घासाला जिभेला मुंग्या आल्या आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिरफळ! आईच्या बांगड्याच्या तिखल्यातलं. भाचीने फोनवर शोधलं, तर सान्शो आणि तिरफळ खरंच एकाच कुळातली भावंडं निघाली. भावाने घरी न्यायला चार डब्या घेतल्या.

सुरी विकत घ्यायची तर सेकीत घ्या, पण चेक-इन सामानातच ठेवा. हाताच्या बॅगेत चुकूनही नको.

शनिवार: टोकियो

सकाळी र्योगोकूचं तलवार संग्रहालय. 2018 मध्ये ते योयोगीहून इथे, जुन्या यासुदा बागेत आलं. नेटकं आहे, गर्दी नाही. वेळ कमी असेल तर हे आणि उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं तलवारींचं दालन एवढं बघावं.

दुपारी भाचीच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांकडे जायचं होतं. ते जुने संग्राहक, ऐंशीच्या घरातले. ताटामी अंथरलेली खोली, एकच पिवळा दिवा. त्यांनी आधी नियम सांगितले. तलवारीला नमस्कार करायचा. पात्याला बोट लावायचं नाही, पात्यावर बोलायचं नाही, कारण थुंकीचा सूक्ष्म थेंबही डाग पाडतो. मग म्यानातून पातं काढलं, जुनं तेल मऊ कागदाने पुसलं, दगडाच्या पुडीची पुरचुंडी टप टप करत पात्यावरून फिरवली, पुन्हा पुसलं. लवंगांचा वास आला. जपायला लावतात त्या तेलात लवंग असते.

बिझेनचं पातं होतं, सहाशे वर्षांपूर्वीचं. मी रेशमी रुमालावर तोलून दिव्याकडे धरलं. धारेलगत ढगांची रांग, आणि तिच्यावर पोलादात पडलेली फिकट सावली, जी जाणकार बिझेनच्या लोहारांची खासियत मानतात. ओसाफुनेच्या त्या अंगठ्याशिवाय यातलं काहीच मला दिसलं नसतं.

मग भावाची पाळी. तो म्हणाला, “नको. माझा हात लागला तर उद्या गंजेल. त्यांना सांग, मी लांबूनच बघतो.” भाचीने सगळं समजावून सांगितलं, घाम, ठसे, स्लिप गेज, सगळं. आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक बांबूची खुंटी हळूच ठोकून काढली, मूठ डाव्या हातात धरून मनगटावर उजव्या मुठीने ठोका दिला, आणि पातं मुठीतून सुटं झालं. आत होतं ते मूळ, पात्याचा मुठीत बसणारा भाग. काळपट, खरबरीत, पूर्ण गंजलेलं. त्यावर लोहाराचं नाव.

ते म्हणाले, हा गंज कधीच काढायचा नाही. तो काढला तर तलवारीची किंमत जाते, कारण वय याच्यावरूनच ओळखतात. इथे हातच लावायचा असतो. किती जणांनी धरलं असेल, सगळ्यांच्या हातांना घाम येत होता.

भावाने पँटला तळवे पुसले, आणि धरलं. बराच वेळ धरलं. त्याने ते कोनात फिरवून गंजाचा पोत पाहिला, कानशीच्या रेघा कुठल्या दिशेला मारल्यात ते पाहिलं आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. ही छिद्रं दोन का? मूळ नंतर कापून आखूड केलं का? आजोबा खुलले. हो, लांब ताची तलवार पुढच्या काळात आखूड केलेली, म्हणून दुसरं छिद्र. मग त्यांनीच विचारलं, तुमच्या दख्खनच्या पोलादात लहरी कशा येतात? भावाने जौहरदार तलवारीबद्दल सांगितलं. तिथे घडी घालत नाहीत, मुशीत वितळवलेल्या पोलादातच कार्बाइडचे पट्टे जमतात आणि ठोकून ते पसरतात. दोघं मधल्या भाषांतराची वाट न बघता कागदावर आकृत्या काढू लागले. भाची आणि मी चहा पीत बसलो. अंधार पडेपर्यंत हे चाललं होतं.

तलवार विकत घ्यायचा मोह होईल, तर एवढं लक्षात असू द्या: जपानमधल्या प्रत्येक तलवारीसोबत नोंदणीचा कागद असावाच लागतो, देशाबाहेर नेण्याआधी सांस्कृतिक विभागाची परवानगी काढावी लागते, आणि त्यात आठवडे जातात. भारतात आणायचे नियम आधी तपासा. परवानाधारक लोहाराला किमान पाच वर्षं उमेदवारी करावी लागते आणि महिन्याला दोनच लांब तलवारी करता येतात, त्यामुळे नवी तलवारही स्वस्त नसते. आम्ही आजोबांच्या सल्ल्याने फक्त तेलाची एक बाटली घेतली. भाऊ आता ती भोसरीच्या जुन्या मित्रांच्या मायक्रोमीटरवर वापरून बघतो आहे.

ज्यांना जायचंय त्यांनी आधी ओसाफुनेचा दुसरा रविवार पक्का करावा आणि बाकी सगळं त्याच्या मागेपुढे बसवावं. सेकीचा पात्यांचा उत्सव ऑक्टोबरात असतो, तो या खेपेला हुकला. पुढच्या वर्षीची तिकिटं भावाने काढायला सांगितली आहेत.